लेनर्ड-जोन्स द्रवाचं क्रांतिक तापमान: १.३१, १.१९ की १.०८?

प्रश्न साताऱ्यातल्या एमएस्सी पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: सातारा-सांगलीकडचे काही शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ऊष्मागतिकी आणि सांख्यिकी यामिकीचा मराठी मुक्त संदर्भ लिहीत आहेत, कुणीही वापरावा आणि कुणीही सुधारावा असा. लेनर्ड-जोन्स द्रवाची, म्हणजे एका साध्या सूत्राने एकमेकांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या कणांच्या मॉडेलची, नोंद त्यांच्याकडे आली आहे. क्रांतिक तापमान (ज्याच्या वर द्रव आणि वाफ असा फरक उरत नाही) एका ठिकाणी १.३१, दुसरीकडे १.१९, तिसरीकडे १.०८ सापडलं. पडताळा म्हणून स्वतःच्या मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या (बलं काढून कणांना पावलापावलाने चालवणाऱ्या) प्रोग्रॅमने ५०० कण, तापमान ०.८५, घनता ०.७७६ आणि कटऑफ (ज्या अंतरापलीकडच्या जोड्या मोजत नाहीत) ३ घेऊन दाब काढला, तर ०.३८ आला. तक्त्यात मात्र ०.००६८ आहे. शिवाय १.३१ ला ११९.८ ने (अर्गॉनचा एप्सिलॉन, म्हणजे आकर्षणाच्या खड्ड्याची खोली, केल्व्हिनमध्ये) गुणलं की १५७ केल्व्हिन येतं आणि अर्गॉनचं क्रांतिक तापमान आहे १५०.७. मग कोणता आकडा लिहायचा, आणि एप्सिलॉन थोडा बदलून जुळवून घेतला तर चालेल का?

उत्तर:

तिन्ही आकडे बरोबर आहेत. ते तीन वेगवेगळ्या द्रवांचे आहेत आणि तिघांनाही लोक सर्रास 'लेनर्ड-जोन्स' म्हणतात. तुमचा ०.३८ हा दाबही एका अर्थी बरोबर आहे, तो कुठून आला ते खाली दशांशापर्यंत दाखवतो.

पाणी किती अंशांना उकळतं? सांगलीत, साडेपाचशे मीटर उंचीवर, साधारण ९८ ला. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, साडेपंच्याण्णवच्या आसपास. १०० हा आकडा एका वातावरणाच्या दाबाचा आहे, आणि दाब सांगितला की वादच उरत नाही. सिम्युलेशनच्या आकड्यांमागेही अशीच अट असते. फक्त ती प्रोग्रॅमच्या एका ओळीत दडलेली असते आणि आकडा उतरवून घेताना मागे राहते. ती अट म्हणजे कटऑफ, आणि कटऑफपाशी पोटेन्शियलचं काय केलं ते.

आधी चिन्हं ठरवू. अंतर सिग्माच्या (दोन कणांतली ऊर्जा जिथे शून्य होते त्या अंतराच्या) पटीत, ऊर्जा एप्सिलॉनच्या पटीत, तापमान एप्सिलॉन भागिले बोल्ट्झमन स्थिरांक या पटीत. सूत्रांत 'र' म्हणजे दोन कणांतलं अंतर, 'क' कटऑफ, 'घ' घनता, 'त' तापमान. दोन कणांमधली ऊर्जा अशी:

ऊर्जा = ४ × (१/र^१२ − १/र^६)

र = १ ला ती शून्य, र = १.१२२५ ला (म्हणजे २ च्या सहाव्या मुळाला) सर्वांत खोल, उणे १. पुढे ती हळूहळू शून्याकडे जाते, पण शून्य कधीच होत नाही. र = २.५ ला ती −०.०१६३ उरते. हा आकडा पाहून 'एवढंसं तर आहे, सोडून देऊ' असं वाटतं आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो. एका जोडीसाठी ते एवढंसं आहे, पण त्या अंतराच्या पलीकडे जोड्या किती आहेत ते बघा. गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणून दूरच्या कणांची संख्याही तशीच वाढत जाते.

हिशेब कागदावर करता येतो. व्हॅन डर वाल्सच्या समीकरणातला आकर्षणाचा गुणांक म्हणजे आकर्षक भागाच्या इंटिग्रलचा निम्मा. र = १ पासून अनंतापर्यंत तो येतो १६ × पाय (३.१४१६) / ९, म्हणजे ५.५८५. त्यातला २.५ च्या पलीकडचा वाटा ०.५३५. म्हणजे २.५ ला नुसतं कापलं की आकर्षणाचा ९.६ टक्के भाग गेला. व्हॅन डर वाल्समध्ये क्रांतिक तापमान या गुणांकाच्या प्रमाणात असतं, तेव्हा १.३१२ चे ९.६ टक्के कमी करा: १.१८६. प्रत्यक्ष सिम्युलेशनने मिळालेला आकडा १.१८७६ आहे.

आता पुढची पायरी. कापल्यावर २.५ पाशी जी ०.०१६३ ची पायरी राहते ती मोडायची म्हणून सगळं पोटेन्शियल तेवढंच वर उचलतात. याला शिफ्ट करणं म्हणतात. त्यामुळे १ ते २.५ या अंतरातल्या प्रत्येक जोडीचं आकर्षण ०.०१६३ ने कमी होतं. त्याचं इंटिग्रल ०.५०, म्हणजे आणखी ९ टक्के. दोन्ही मिळून साडेअठरा टक्के गेले: १.३१२ वरून १.०७. सिम्युलेशनचा आकडा १.०८ च्या आसपास आहे.

व्हॅन डर वाल्सचं समीकरण क्रांतिक तापमानाची स्वतंत्र किंमत काढायला कामाचं नाही. याच गुणांकांनी सरळ काढलं तर ०.७९ येतं, पार चुकीचं. पण एका मॉडेलचं दुसऱ्याशी गुणोत्तर काढताना ते नेमकं उपयोगी पडतं, कारण गाभ्याचा भाग तिन्हीकडे सारखाच आहे आणि बदलतं ते फक्त दूरचं, सौम्य आकर्षण. तुमच्या नोंदीत हे गणित जरूर घाला. तीन आकडे कुठून आले हे एकदा हाताने करून पाहिलं की विद्यार्थी ते विसरत नाही.

तर तीन द्रव असे. पहिला पूर्ण लेनर्ड-जोन्स, ज्यात कटऑफ वापरला तरी पलीकडच्या भागाची भरपाई केलेली असते: क्रांतिक तापमान १.३१२, घनता ०.३१६, दाब ०.१२८. दुसरा २.५ ला कापलेला, न उचललेला आणि भरपाई न केलेला: १.१८७६, घनता ०.३२०. तिसरा २.५ ला कापून उचललेला: १.०८, घनता पुन्हा ०.३२ च्या जवळ. घनता जवळजवळ हलत नाही. त्यामुळे एखाद्या स्रोतात मॉडेल लिहिलेलं नसेल तर ते तापमानावरून ओळखा, घनतेवरून ओळखता येणार नाही. द्विमितीय लेनर्ड-जोन्सचाही आकडा कुठेतरी सापडेल, तो ०.५१ च्या आसपास असतो. तो या नोंदीत मिसळू देऊ नका.

मॉलिक्युलर डायनॅमिक्स आणि मॉन्टे कार्लो यांच्यातला एक फरक फार जणांच्या लक्षात येत नाही. मॉन्टे कार्लोमध्ये कण यादृच्छिक हलवून चाल स्वीकारायची की नाही हे ठरवायला ऊर्जा वापरली जाते, म्हणून २.५ ची पायरी कणांना 'दिसते'. डायनॅमिक्समध्ये बल वापरलं जातं, आणि बल म्हणजे उतार. पोटेन्शियल वर उचललं तरी उतार तोच राहतो. कटऑफवरची पायरी पार करताना जो क्षणिक धक्का बसायला हवा तो सूत्रात कुठेच नसतो. म्हणून तुम्ही प्रोग्रॅममध्ये शिफ्ट लिहा अथवा लिहू नका, तुमचे कण कायम तिसऱ्या द्रवाच्या नियमाने धावतात. शिफ्ट न लिहिता ऊर्जा मोजली, तर धावणारा द्रव एक आणि ऊर्जा मोजली जाते दुसऱ्याची. कण कटऑफमधून आत-बाहेर करतात तशी एकूण ऊर्जा ०.०१६३ च्या उड्या मारते आणि 'ऊर्जा टिकत नाही, टाइमस्टेप कमी करू का' असा प्रश्न पडतो. टाइमस्टेप कमी करून ते जात नाही. ऊर्जा-अक्षय्यता तपासताना शिफ्ट केलेली ऊर्जाच छापावी.

आता तुमचा ०.३८. दाबाचे तीन भाग असतात: घनता गुणिले तापमान, कणांमधल्या बलांचा व्हिरियल भाग, आणि कटऑफपलीकडची भरपाई, जिला सगळे टेल करेक्शन म्हणतात. पहिला भाग ०.७७६ × ०.८५ = ०.६५९६. तिसऱ्याचं सूत्र:

दाबाची टेल = (१६/३) × पाय × घ^२ × [ (२/३)/क^९ − १/क^३ ]

क = ३ आणि घ = ०.७७६ घातलं की −०.३७३३ येतं. तक्त्यातला दाब ०.००६८ असेल तर व्हिरियल भाग −०.२७९५ असायला हवा. पहिला आणि दुसरा मिळवा: ०.६५९६ − ०.२७९५ = ०.३८०१. हाच तुमचा आकडा. म्हणजे तुमचं बलाचं आणि व्हिरियलचं गणित ठीक आहे, फक्त टेल मिळवायची राहिली. ऊर्जेतही तेच दिसेल. तक्त्यात प्रति कण −५.५१ आहे, तुमच्याकडे −५.२७ येत असणार. तिचं सूत्र:

ऊर्जेची टेल, प्रति कण = (८/३) × पाय × घ × [ (१/३)/क^९ − १/क^३ ]

इथे ती −०.२४ येते. ऊर्जेत चार-साडेचार टक्क्यांचा फरक आणि दाबात छपन्न पट. असं होतं कारण द्रवाचा दाब म्हणजे मोठ्या धन आणि मोठ्या ऋण आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेला लहान आकडा. ऊर्जा जुळली म्हणजे प्रोग्रॅम तपासून झाला असं कधीच धरू नका. चूक असली तर ती दाबात उघडी पडते.

तक्त्यातला हा ०.००६८ अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने प्रोग्रॅम पडताळण्यासाठी दिलेल्या किमतींपैकी आहे आणि त्यावरची अनिश्चितताच ०.००१७ आहे. तेव्हा तुमचा आकडा ०.०१ आला म्हणून हताश होऊ नका. ५०० कणांच्या पेटीत क्षणाक्षणाचा दाब याच्या कितीतरी पट हलतो. सरासरीवर चूक काढताना लागोपाठच्या वाचनांना स्वतंत्र समजू नये. धाव मोठ्या गटांत विभागून गटांच्या सरासऱ्यांवरून चूक काढावी, आणि गट दुप्पट केल्यावर चूक वाढायची थांबेपर्यंत गट वाढवत जावेत. सरळ प्रमाण विचलन भागिले वाचनांचं वर्गमूळ असं केलं तर चूक खोटी लहान दिसते.

टेल मिळवण्याआधी बाकीचा प्रोग्रॅमही एकदा नीट तपासून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरी एकेक शंका वेगळी काढते. दोन कण ठेवा. अंतर १ ला ऊर्जा ० आणि बल २४. अंतर १.१२२५ ला ऊर्जा −१ आणि बल ०. मग एक कण सर्व दिशांनी थोडा सरकवून ऊर्जेच्या फरकावरून बल काढा आणि सूत्राच्या बलाशी ताडून बघा. एक कण पेटीच्या डाव्या भिंतीपाशी आणि दुसरा उजव्या भिंतीपाशी ठेवूनही हेच करा, म्हणजे आवर्ती सीमेतली (एका भिंतीतून बाहेर गेलेला कण समोरच्या भिंतीतून आत येतो त्या नियमातली) चिन्हाची चूक सापडेल.

त्यानंतर एनआयएसटीचीच तयार मांडणी घ्या: ८०० कण, बाजू १० ची घनाकृती पेटी, कटऑफ ३. एकही पाऊल न चालवता नुसती ऊर्जा मोजायची. जोड्यांची बेरीज −४३५१.५ यायला हवी आणि टेल −१९८.४९. बेरीज नेमकी दुप्पट आली तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते आहे. थोडीशीच चुकली तर शेजारी शोधण्यात, म्हणजे मिनिमम इमेजमध्ये, गडबड आहे. या चाचणीत सरासरी नाही, नशीब नाही. आकडा एकतर जुळतो किंवा नाही.

मग विरळ वायू: तापमान ०.८५, घनता ०.००१. आदर्श वायूचा दाब ०.०००८५ आणि खरा ०.०००८४४. ही किंमत दुसऱ्या व्हिरियल गुणांकावरून (विरळ वायू आदर्श वायूपासून किती ढळतो ते सांगणाऱ्या आकड्यावरून) स्वतः काढता येते. या तापमानाला तो −७.०३ आहे आणि तो एका साध्या इंटिग्रलने संगणकावर मिनिटभरात निघतो. याच इंटिग्रलने बॉइल तापमान (जिथे हा गुणांक शून्य होतो) ३.४२ येतं का तेही पाहून घ्या. सिम्युलेशनपासून पूर्ण स्वतंत्र असा हा पडताळा आहे, म्हणून तो मोलाचा.

काही ठरावीक खड्डे आहेत. कटऑफ पेटीच्या निम्म्या बाजूपेक्षा कमी हवा. ५०० कण आणि घनता ०.७७६ असताना बाजू ८.६४, निम्मी ४.३२, म्हणून ३ चालतो. लवकर व्हावं म्हणून १०८ कण घेतले तर बाजू ५.१८ आणि निम्मी २.५९. तिथे ३ चा कटऑफ घातला की प्रोग्रॅम तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो, कारण काही शेजाऱ्यांच्या दुसऱ्या प्रतिमा मोजल्याच जात नाहीत. दुसरा खड्डा तापमानाचा. एकूण संवेग शून्य ठेवला असेल तर गतिज ऊर्जेच्या दुपटीला ३ × (कणसंख्या − १) ने भागा, ३ × कणसंख्या ने नव्हे. १०८ कणांना फरक जवळजवळ एक टक्का पडतो, आणि द्रवाच्या दाबात तो लगेच जाणवतो.

सुरुवात बहुतेक जण फलककेंद्रित घन जाळीने करतात, म्हणूनच कणसंख्या १०८, २५६, ५००, ८६४ अशा असतात: ४ गुणिले एखाद्या संख्येचा घन. ती जाळी आपोआप वितळेल असं गृहीत धरू नका. आधी तापमान २ ला नेऊन वीसेक हजार पावलं चालवा, मग ०.८५ ला आणा, मग पुन्हा स्थिरावू द्या आणि त्यानंतरच मोजायला लागा. टाइमस्टेप ०.००५ पुरेसा आहे. तो निम्मा केल्यावर ऊर्जेचे हेलकावे साधारण चौथाईवर यायला हवेत. तसे आले नाहीत तर कण पुढे सरकवण्याच्या व्हर्लेच्या सूत्रात वेग आणि स्थान अर्ध्या पावलाने चुकलेत असं समजा. थर्मोस्टॅट (तापमान स्थिर ठेवणारी युक्ती) बेरेंडसनचा असेल तर दाब आणि ऊर्जा यांच्या सरासऱ्या चालतील, पण हेलकाव्यांवरून विशिष्ट उष्मा काढू नका. तो थर्मोस्टॅट हेलकावेच दाबून टाकतो. विशिष्ट उष्मा हवा असेल तर नोझे-हूव्हर घ्या किंवा मॉन्टे कार्लो करा.

५०० कणांची दहा लाख पावलं सी किंवा फोरट्रानमध्ये साध्या लॅपटॉपवर फार वेळ घेत नाहीत. शुद्ध पायथॉनच्या दुहेरी लूपने मात्र काही दिवस जातील. आतला लूप नंबाने (पायथॉनचा कोड वेगवान करणाऱ्या साधनाने) कंपाइल करून घ्या. आणि दर दहा हजार पावलांनी सगळी स्थानं आणि वेग पूर्ण दशांशांसह फाइलमध्ये लिहा, आधी नव्या नावाने आणि मग जुन्यावर. आपल्याकडे लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नसतो, आणि फाइल लिहिता लिहिता लाइट गेली तर एकुलती एक प्रत अर्धवट राहते.

दाब जुळला म्हणून याच प्रोग्रॅमने क्रांतिक तापमान काढायला मात्र जाऊ नका. स्थिर घनतेच्या पेट्यांत दाब मोजून समतापी रेषा काढल्या तर तिच्यावर व्हॅन डर वाल्ससारखी वरखाली वळणं दिसतात आणि ती सपाट होते ते क्रांतिक तापमान असं वाटतं. ती वळणं मुख्यतः लहान पेटीत तयार होणाऱ्या थेंब-बुडबुड्यांच्या पृष्ठभागांमुळे येतात. पेटी मोठी केली की बदलतात. सरळ मार्ग म्हणजे गिब्स एन्सेम्बल मॉन्टे कार्लो, पानाजिओटोपोलोस यांनी १९८७ मध्ये मांडलेलं. दोन पेट्या, एकीत द्रव आणि दुसरीत वाफ. तीन प्रकारच्या चाली: कण हलवणं, एका पेटीचं आकारमान वाढवून दुसरीचं तेवढंच कमी करणं, आणि कण एका पेटीतून दुसरीत टाकणं. पृष्ठभाग कुठेच नाही. तापमान १.० पासून १.२ पर्यंत पाच-सहा ठिकाणी दोन्ही घनता मिळवा. त्याच्या फार वर गेलात तर पेट्या आपसात भूमिका बदलायला लागतात आणि सरासरीला अर्थ उरत नाही.

इथे टेलची एक खास चूक होते. द्रवाच्या पेटीची घनता वेगळी, वाफेच्या पेटीची वेगळी, आणि दोन्ही प्रत्येक आकारमान-चालीला आणि प्रत्येक कण-बदलीला बदलतात. टेल घनतेवर अवलंबून असल्यामुळे चाल स्वीकारायची की नाही हे ठरवतानाच तिचा फरक धरावा लागतो. शेवटी एकदा मिळवून चालत नाही. तसं केलं तर पेट्या दुसऱ्या द्रवाचा समतोल गाठतात, म्हणजे कटऑफ २.५ असेल तर १.१९ वाल्या, आणि तुम्ही त्यावर पहिल्याचं नाव लिहिता. तसंच एकाच लांबट पेटीत मधोमध द्रवाचा थर आणि दोन्हीकडे वाफ अशी मांडणी केली तर वरची टेलची सूत्रं मुळात लागूच होत नाहीत. ती सर्वत्र सारख्या घनतेसाठी आहेत.

मिळालेल्या घनतांवरून क्रांतिक बिंदू काढताना द्रव आणि वाफेच्या घनतेतला फरक (क्रांतिक तापमान − तापमान) याच्या ०.३२६ व्या घाताने शून्याकडे जातो असं धरा, आणि दोन्हींची सरासरी तापमानाबरोबर सरळ रेषेत जाते असं. ०.३२६ हा त्रिमितीय आयझिंग वर्गाचा (क्रांतिक बिंदूपाशी सारखं वागणाऱ्या, साधे द्रवही ज्यात येतात अशा मॉडेलांच्या गटाचा) घातांक आहे. पाठ्यपुस्तकातल्या व्हॅन डर वाल्सचा ०.५ वापरला तर बसवलेली रेषा क्रांतिक बिंदू खऱ्यापेक्षा वर नेते. कोणता घातांक वापरला हेही नोंदीत यायला हवं. दोन प्रबंधांतले आकडे तिसऱ्या दशांशात भांडतात तेव्हा कारण बरेचदा हेच असतं.

शेवटचा प्रश्न अर्गॉनचा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एप्सिलॉन ११९.८ केल्व्हिन आणि सिग्मा ३.४०५ अँगस्ट्रॉम धरले तर दाबाचं एकक ४१.९ मेगापास्कल, घनतेचं १,६८० किलो प्रति घनमीटर आणि वेळेचं २.१६ पिकोसेकंद येतं. तुमचा ०.००५ चा टाइमस्टेप म्हणजे जवळपास ११ फेम्टोसेकंद. एप्सिलॉन किलोज्यूल प्रति मोलमध्ये मांडलात तर ०.९९६ यायला हवा. न आल्यास बोल्ट्झमन आणि वायू स्थिरांकात घोळ झालाय. काही प्रोग्रॅम सिग्माऐवजी ऊर्जेच्या तळाचं अंतर किंवा त्याचं निम्मं मागतात, अर्गॉनसाठी ३.८२ किंवा १.९१. तिथे ३.४०५ घातलं की घनतेची पार वाट लागते.

पूर्ण मॉडेलचा क्रांतिक बिंदू या एककांत १५७.२ केल्व्हिन आणि ५.३६ मेगापास्कल. खऱ्या अर्गॉनचा १५०.७ केल्व्हिन आणि ४.८६ मेगापास्कल. एप्सिलॉन ११४.९ केला तर क्रांतिक तापमान नक्की जुळेल, पण तो आकडा नोंदीत 'अर्गॉनचा एप्सिलॉन' म्हणून लिहू नका. ११९.८ ने बॉइल तापमान ४०९ येतं आणि प्रत्यक्षात ते ४११ च्या आसपास आहे, म्हणजे विरळ वायूसाठी हाच आकडा चांगला बसतो. एका गुणधर्माला जुळवलं की दुसरा सुटतो, कारण मॉडेलच अपुरं आहे. अर्गॉनच्या दोनच अणूंमधला ऊर्जेचा खड्डा प्रत्यक्षात १४३ केल्व्हिनच्या आसपास खोल आहे आणि त्याचा आकार लेनर्ड-जोन्सपेक्षा वेगळा आहे. शिवाय दाट द्रवात तीन-तीन अणूंची परस्परक्रिया असते, ॲक्सिलरॉड आणि टेलर यांनी १९४३ मध्ये मांडलेली, आणि तिचा एकूण परिणाम आकर्षण थोडं कमी करण्याकडे असतो. ११९.८ हा आकडा हे सगळं पोटात घालून काढलेली एक कामचलाऊ सरासरी आहे. काही अभ्यासकांनी द्रव-वाफ समतोलावर बसवून ११७ च्या जवळचे आकडे दिले आहेत. तेही चूक नाहीत, फक्त कशावर बसवले ते सांगितलं पाहिजे.

म्हणून नोंदीत दोन तक्ते वेगळे ठेवा. पहिल्यात फक्त मॉडेल, रिड्यूस्ड एककांत (सिग्मा-एप्सिलॉनच्या पटीत), केल्व्हिन कुठेच नाही. त्याचे स्तंभ असे ठेवा: कटऑफ, शिफ्ट आहे की नाही, टेल आहे की नाही, मिती, पद्धत, कणसंख्या, किंमत, अनिश्चितता. दुसऱ्यात पदार्थ: एप्सिलॉन, सिग्मा आणि ते कोणत्या गुणधर्मावर, कोणत्या तापमानांत बसवले. १५०.७ हा प्रयोगाचा आकडा दुसऱ्या तक्त्याखाली येईल, पहिल्यात नाही. जुन्या लेखांतले केल्व्हिनमधले आकडे रिड्यूस्डमध्ये आणताना त्या लेखाचाच एप्सिलॉन वापरा. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ अणूंचा द्रव अर्गॉन संगणकावर चालवला तो एप्सिलॉन १२० केल्व्हिन आणि सिग्मा ३.४ अँगस्ट्रॉम घेऊन. त्यांचं ९४.४ केल्व्हिन म्हणजे ०.७८७. ११९.८ ने भागलं तर ०.७८८ येतं आणि पुढचा वाचक ते दोन वेगळे प्रयोग समजतो. त्यांचा कटऑफ २.२५ सिग्मा होता हेही त्या लेखात दिलेलं आहे, म्हणूनच इतक्या वर्षांनंतर तो आजही जसाच्या तसा करून बघता येतो.

मूळ लेखांचा उल्लेख करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९२४ चे लेख 'जोन्स' या नावाने छापलेले आहेत. 'लेनर्ड' हे पत्नीचं आडनाव, ते १९२५ मध्ये लग्नानंतर जोडलं गेलं. १९२४ खाली 'लेनर्ड-जोन्स' शोधलं तर ग्रंथालयाच्या यादीत काही हाती लागत नाही. १२-६ हे आजचं रूपही त्या लेखांतलं नाही. ते १९३१ मध्ये स्थिरावलं, शास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी दूरच्या आकर्षणाचा सहावा घात क्वांटम यामिकीतून काढून दाखवल्यानंतर. १२ ला तसा भौतिक आधार नाही. सहाव्या घाताचा वर्ग केला की बारावा मिळतो आणि गणित सोपं होतं, एवढ्यासाठी तो टिकला.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये टेल घातल्यावर दाब ०.०० आणि ०.०२ यांच्या दरम्यान आला की ती ओळ पहिल्या तक्त्यात घाला: कटऑफ ३, शिफ्ट नाही, टेल आहे, कण ५००, स्वतःची अनिश्चितता. त्याखालीच टेल न घेतलेला ०.३८ हा आकडाही तशाच ओळीत राहू द्या, 'टेल नाही' असं लिहून. पुढच्या वर्षी सांगलीतला कुणी विद्यार्थी तोच प्रोग्रॅम लिहील, त्यालाही ०.३८ च येईल, आणि त्याला आपलं काय राहिलं ते त्या ओळीवरून लगेच कळेल.